आडनावाची साक्ष कितपत धरावी?

गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव यांपैकी कोणत्याही तालुक्यातील माध्यमिक शाळेचा हजेरीपट उघडला की काही आडनावे हटकून भेटतात. कटरे, बिसेन, बोपचे, पटले, टेंभरे, तुरकर, रहांगडाले, हरिणखेडे, येडे, रिनाईत, शरणागत. पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आलेले शिक्षक पहिल्या दिवशी यांतील दोनचार नावांवर अडखळतात, वर्ग हसतो आणि ओळख होते. मग वर्षभरात केव्हातरी एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, आमचं आडनाव आलं कुठून?"

या प्रश्नाचे तयार उत्तर जिल्ह्यात सर्वत्र उपलब्ध आहे. ही आडनावे पोवारांच्या छत्तीस कुळांची, पोवार म्हणजे परमार, परमार म्हणजे धारचा राजा भोज, म्हणून आपण भोजाचे वंशज. समाजाच्या स्मरणिकांत हे छापलेले असते, संमेलनात सांगितले जाते आणि शाळेच्या व्यासपीठावरूनही ऐकू येते. हे उत्तर खोटे आहे असे सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि तो पुरावा किती वजन पेलतो, एवढेच आम्हांला पाहायचे आहे. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना जी शिस्त लावतो ती आडनावाच्या बाबतीत सोडून देण्याचे कारण नाही.

प्रथम एक गोंधळ दूर करू. बारामतीकडे 'पवार' हे आडनाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात 'पोवार' हे जातीचे नाव आहे आणि आडनाव म्हणून कुळाचे नाव लावले जाते. धार येथे अठराव्या शतकात राज्य स्थापन करणारे पवार हे मराठा सरदार, तेही आपले मूळ परमारांशी जोडतात. म्हणजे एकाच राजघराण्यावर कमीत कमी दोन वेगळ्या समाजांचा दावा आहे. दोन्ही खरे असू शकतील, एक खरा असू शकेल किंवा एकही नसेल. केवळ नावाच्या उच्चारावरून यांतले काहीच ठरत नाही.

छापील उत्तराचा माग काढत गेले की बहुतेक वेळा आपण एकाच ग्रंथापाशी पोहोचतो. रॉबर्ट व्हेन रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी लिहिलेला मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९१६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रसेल हे प्रांताच्या मानववंश-पाहणीचे प्रमुख अधिकारी, हिरालाल हे कटनीकडचे, शिलालेखांचे जाणकार. चौथ्या खंडात राजपूत कुळांच्या नोंदी आहेत आणि त्यांत पोवारांची नोंद चांगली ऐसपैस आहे. माळव्यातून हे लोक रामटेकजवळच्या नगरधनला आले, तेथून वैनगंगेकडे पसरले, भोसल्यांच्या कटक स्वारीत त्यांनी मदत केली व त्याबद्दल त्यांना जमिनी मिळाल्या, असा तिचा सांगाडा आहे.

ग्रंथ आजही वाचनीय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. लग्नविधी, शेतीच्या रीती, सण यांचे त्यातले तपशील बारकाईने टिपलेले आहेत आणि त्यांतल्या काही चालीरीती आता केवळ त्या पानांवरच उरल्या आहेत. शिक्षकांना आणखी एक गोष्ट गमतीची वाटेल. या ग्रंथासाठी माहिती पुरवणाऱ्यांत तहसीलदार आणि कारकुनांबरोबर शाळामास्तरही पुष्कळ होते. म्हणजे आज शाळेत जे 'पुस्तकात लिहिले आहे' म्हणून सांगितले जाते, त्यातले काही शंभर वर्षांपूर्वी एखाद्या शाळामास्तरानेच गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कळवलेले असण्याचा संभव आहे. पुस्तकातून गावात परत आलेली ही कथा मग 'इंग्रजांनीसुद्धा मान्य केलेली' ठरते. एका साक्षीदाराचे म्हणणे फिरून परत आले म्हणून त्याची दोन साक्षीदारांत गणना करता येत नाही.

ग्रंथाचा खरा दोष आमच्या मते वेगळाच आहे. तो जातीला एका माणसासारखा समजतो. हा माणूस अमक्या शतकात धारहून निघाला, तमक्या शतकात नगरधनला थांबला, मग नदी ओलांडून स्थायिक झाला, अशा थाटाचे वर्णन वाचताना वाचकाला वाटते की छत्तीसच्या छत्तीस कुळे बैलगाड्यांत बसून एका रांगेत आली असावीत. प्रत्यक्ष स्थलांतरे अशी होत नाहीत. थोडे लोक येतात, काही परत जातात, नातलगांना बोलावले जाते, वाटेत भेटलेले सामील होतात, आणि या सर्वांना एक नाव बहुधा नंतर मिळते.

ही छत्तीसची संख्याही जरा तपासून घेण्यासारखी आहे. जेम्स टॉड यांच्या राजस्थानच्या इतिहासात राजपुतांची राजकुळे छत्तीसच आहेत. शेजारच्या छत्तीसगडचे नाव छत्तीस गडांवरून सांगतात. मराठ्यांची कुळे शहाण्णव म्हणतात. हे आकडे मोजून आलेले नसून परंपरेने शोभणारे आहेत. पोवार कुळांच्या आजच्या याद्या पाहिल्या तर प्रत्यक्ष आढळणारी नावे छत्तीस भरत नाहीत. मग उरलेली कुळे 'वाटेत राहिली' असे सांगितले जाते. आकडा आधी ठरला आणि माणसे त्यात बसवली, ही शक्यता येथे अधिक साधी आहे.

नावेही एका जातकुळीची नाहीत. चौहान, परिहार, बघेले, बिसेन ही उत्तरेतल्या स्वतंत्र राजपूत कुळांची नावे आहेत. परमार हे स्वतःच एक कुळ असेल, तर त्याच्या पोटात चौहान आणि परिहार कसे आले? गौतम हे गोत्राचे नाव. चौधरी ही पदवी. हरिणखेडे ऐकले की गाव आठवते. एका घराण्याच्या फांद्या म्हणण्यापेक्षा निरनिराळ्या ठिकाणांहून व निरनिराळ्या कारणांनी एकत्र आलेल्या गटांची ही यादी अधिक वाटते. आमच्या दृष्टीने हा इतिहास भोजाच्या वंशावळीपेक्षा अधिक रोचक आहे, पण त्यावर स्मरणिका निघत नाहीत.

आता शिलालेखांकडे वळू. परमारांचा विदर्भाशी संबंध होता यात शंका नाही. विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा, माळव्याच्या राजांची प्रशस्ती असलेला शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात आहे. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथील शके १०३४ चा, म्हणजे १११२ चा लेख परमार राजपुत्र जगद्देवाचा उल्लेख करतो. पण हे लेख राजांविषयी बोलतात. वैनगंगेकाठच्या कोणा शेतकऱ्याविषयी, कटरे किंवा पटले यांच्याविषयी, त्यांत चकार शब्द नाही. दुसऱ्या टोकाला भोसल्यांची स्वारी म्हणजे अठरावे शतक. मध्ये सहाशे वर्षांचे अंतर आहे. पिढीला पंचवीस वर्षे धरली तर चोवीस पिढ्या. एवढ्या रुंद पात्रावर केवळ 'परमार' आणि 'पोवार' या दोन शब्दांच्या साम्याचा पूल टाकलेला आहे.

शिवाय भाषेची साक्ष आहे, ती फारशी कोणी विचारात घेत नाही. पोवारी बोली आज गोंदिया, भंडारा, बालाघाट, सिवनी या जिल्ह्यांत बोलली जाते, निदान घरातली वडीलधारी माणसे बोलतात. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीत ती पूर्वी हिंदीच्या खंडात, बघेलीबरोबर ठेवलेली आहे. धारचे लोक थेट आले असते तर माळवीशी नाते अधिक ठळक असायला हवे होते, आणि माळवी ही राजस्थानी गटातली. अर्थात बोली वाटेतही बदलते आणि ग्रिअर्सन यांच्या वर्गीकरणालाही आव्हान देता येईल. पण ज्याला नावाची साक्ष चालते त्याला बोलीचीही चालली पाहिजे. सोयीची तेवढी साक्ष घ्यावी हे काही संशोधन नव्हे.

मग आडनावाचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो नावाच्या अर्थात कमी आणि ते नाव कोठे कोठे राहते यात अधिक आहे. ठाकरे आणि चौधरी ही आडनावे गोंदियाच्या पोवारांत आहेत. ठाकरे मुंबईच्या कायस्थांत आहेत, चौधरी तर खानदेशापासून बंगालपर्यंत पसरलेले आहेत. असे आडनाव माणसाच्या मुळाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले. पारधी हे आडनाव तर अधिकच फसवे. ते पोवारांचे एक कुळ आहे आणि त्याच नावाची एक निराळी जमातही आहे. याउलट रहांगडाले, रिनाईत, हरिणखेडे ही नावे वैनगंगा आणि बाघ नदीच्या परिसरात दाट आणि त्याबाहेर विरळ आहेत. नागपूर, भिलाई, रायपूर येथे ती भेटतात, पण तेथील माणसाला विचारले की गाव बहुधा याच पट्ट्यातले निघते. नाव जितके दुर्मिळ आणि जितके एका जागी गोळा झालेले, तितकी ते एकदाच जन्मले असण्याची शक्यता अधिक.

हा पट्टा आज दोन राज्यांत विभागलेला आहे, हेही ध्यानात ठेवावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. फक्त महाराष्ट्राचे आकडे घेऊन बिसेन किंवा कटरे या नावांचा नकाशा काढला तर तो बाघ नदीवर कापल्यासारखा दिसेल. ती रेघ नावांची नव्हे, आपल्या कागदांची असेल.

दाट वस्ती म्हणजे एक मूळ, हा नियमही आंधळेपणाने वापरू नये. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश आडनावांचा मोठा भरणा आहे. काही गावांत तर बहुतेकांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. अल्बाय प्रांतातील ओआस हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण, तेथे 'र'चे राज्य आहे. यावरून स्पेनमधल्या एखाद्या कुटुंबाने गाव वसवला असे कोणी म्हणेल. वास्तविक १८४९ साली गव्हर्नर क्लावेरिया याने फर्मान काढून तेथील प्रजेला आडनावे वाटली. त्यासाठी सुमारे साठ हजार नावांची वर्णानुक्रमे यादी छापली होती. तिची पाने गावोगाव पाठवली गेली आणि ज्या गावाला जे पान मिळाले त्या अक्षराची नावे तेथे लागली. करवसुलीच्या सोयीसाठी केलेला हा उपद्व्याप आज वंशावळीसारखा दिसतो. आपल्याकडे गोव्यातही धर्मांतराच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता यांचे पोर्तुगीज आडनाव घेतले गेले. तेथे डिसोझा या नावावरून लिस्बनचे मूळ शोधणे व्यर्थ आहे.

याच्या उलट टोकाचा अनुभव इंग्लंडमधील साइक्स या आडनावाचा. या शब्दाचा मूळ अर्थ ओहोळ. ओहोळ सर्वत्र असतात, म्हणून हे नाव अनेक जागी स्वतंत्रपणे पडले असणार, असे शब्दार्थावरून मानले जाई. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स आणि कॅथरिन आयर्व्हेन यांनी २००० साली या आडनावाच्या ४८ पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. बापाकडून मुलाकडे जाते म्हणून हे गुणसूत्र आडनावाबरोबर प्रवास करते. जवळजवळ निम्म्यांत एकच प्रकार आढळला, आणि तो एका मूळ पुरुषाकडे बोट दाखवत होता. शब्दार्थ हरला, वस्तीचा नकाशा जिंकला.

पण उरलेल्या निम्म्यांकडेही लक्ष द्यावे. दत्तक, घरजावई, आईकडून घेतलेले नाव, विवाहबाह्य संतती, मुद्दाम बदललेले नाव, अशा कारणांनी नाव आणि रक्त यांची फारकत होत राहते. समजा, दर पिढीत शंभरात फक्त दोघांच्या बाबतीत असे होते. हा आकडा आम्ही केवळ हिशेबासाठी घेतला आहे. ०.९८ ला चोवीस वेळा स्वतःने गुणा. उत्तर सुमारे ०.६२ येते. म्हणजे सहाशे वर्षांनंतर शंभरातले अडतीस जण ते आडनाव प्रामाणिकपणे लावतील, पण त्यांची पितृपरंपरा दुसऱ्याच कोणाची असेल. नववीच्या वर्गात घातांक शिकवताना हे उदाहरण घेऊन पाहावे.

आणखी एक प्रश्न मुले विचारतात. काही कुळांची शेकडो घरे आणि काहींची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, असे का? थोर कुळ वाढले आणि हलके कुळ आटले, असे उत्तर देण्याचा मोह होतो. फ्रान्सिस गाल्टन यांना हाच प्रश्न इंग्लंडच्या नामांकित घराण्यांविषयी पडला होता आणि तो त्यांनी १८७३ साली 'एज्युकेशनल टाइम्स' या शिक्षकांच्याच मासिकात गणित म्हणून मांडला. वॉटसन या धर्मोपदेशक गणितीने त्यावर काम केले आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध निघाला. त्याचे सार असे. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो असे धरा. पण कोणाला एकही नाही, कोणाला दोन, कोणाला तीन. पॉयसाँच्या सूत्राने पहिल्याच पिढीत ३७ टक्के नावे संपतात, दुसरीअखेर ५३, तिसरीअखेर ६३. कोणाचा काही गुन्हा नाही, कोणाचा पराक्रमही नाही. चिठ्ठ्या टाकून हा खेळ वर्गात अर्ध्या तासात होतो. तीस चिठ्ठ्यांवर तीस नावे घ्यावीत, प्रत्येक फेरीत तीस वेळा चिठ्ठी काढून नाव लिहावे आणि परत टाकावी, मग त्या लिहिलेल्या नावांच्या नव्या चिठ्ठ्या करून पुढची फेरी खेळावी. पाचसहा फेऱ्यांत बरीच नावे गायब होतात आणि दोनतीन नावे माजतात. (वॉटसन यांनी अखेरीस एक चूक केली. त्यांच्या समीकरणाला दोन उत्तरे निघत होती, त्यांतले एकच पाहून त्यांनी सर्वच आडनावे केव्हातरी नष्ट होणार असा निष्कर्ष काढला. वाढत्या लोकसंख्येत तसे होत नाही. बिएनेमे या फ्रेंच गणितज्ञाने १८४५ मध्येच बरोबर उत्तर दिले होते, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.)

परदेशी पद्धती जशाच्या तशा उचलण्यातला धोकाही एका उदाहरणाने सांगतो. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी १८७५ साली एकाच आडनावाच्या वधूवरांच्या प्रमाणावरून इंग्लंडमधील चुलत-आते-मामे भावंडांच्या विवाहांचा अंदाज बांधला. हुशार युक्ती आहे. ती गोंदियात वापरली तर उत्तर शून्याच्या आसपास येईल, कारण सख्ख्या कुळात सोयरीक करायचीच नाही हा नियम आहे. गोंडांतही मडावी, उईके, टेकाम, कुंभरे ही आडनावे चार, पाच, सहा, सात देवांच्या गटांत विभागलेली असतात आणि एका देवसंख्येच्या गटात लग्न होत नाही. यावरून येथे नात्यात लग्ने होतच नाहीत असा निष्कर्ष काढला तर मामाची मुलगी करणारी विदर्भातली अर्धी घरे हसतील.

गोंडांचा उल्लेख आला म्हणून मनातले बोलतो. व्यासपीठावरून 'आपण भोजाचे वंशज' असे वाक्य उच्चारले जाते तेव्हा त्यातल्या 'आपण' या शब्दात मडावी आणि उईके बसत नाहीत. मेश्राम आणि रामटेके बसत नाहीत. एकाच बाकावरच्या दोन मुलींपैकी एकीला राजा मिळतो आणि दुसरीला काहीच मिळत नाही. ज्या विधानाला सहाशे वर्षांचा पुरावा नाही, त्याच्यासाठी ही किंमत फार आहे. गोंदिया या नावाचीसुद्धा एक व्युत्पत्ती डिंकाच्या, म्हणजे गोंदाच्या, व्यापारावरून आणि दुसरी गोंड लोकांवरून सांगतात. तेवढेही त्या मुलीच्या कानावर क्वचितच पडते.

खरा पुरावा शाळेच्या कपाटातच आहे. जुन्या शाळांतले दाखल-खारीज रजिस्टर काढून पाहावे. जातपडताळणीच्या निमित्ताने ते काढावे लागतेच, तेव्हा मुख्याध्यापकांना ते ठाऊक असते. मध्य प्रांताच्या काळातील नोंदींत बहुधा मुलाचे नाव, 'वल्द' म्हणून बापाचे नाव आणि जात एवढेच असते, आडनावाचा पत्ता नसतो. पुढे कोणत्या तरी वर्षापासून कुळाचे नाव आडनाव म्हणून दिसू लागते. लग्न जुळवताना कुळ माहीत असणे आणि ते रोज सहीत लिहिणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट पुष्कळशी शाळेने व तलाठ्याने घडवली. आपल्या शाळेत हे वर्ष कोणते, प्रथम कोणत्या नावांना आडनाव लागले, एकाच घराचे नाव दोन नोंदींत वेगळे लिहिले आहे काय, हे दहावीच्या विद्यार्थ्यांना सुटीत पाहता येईल. व्यक्तींची नावे व जात वहीत उतरवू नयेत, फक्त आडनावे आणि वर्षे मोजावीत.

ज्यांना याहून पुढे जायचे असेल त्यांनी हरिणखेडे हे नाव घ्यावे. हे गावावरून पडले असा आमचा तर्क आहे, पण तर्क म्हणजे उत्तर नव्हे. जुन्या तालुका-नकाशांत आणि बालाघाट-सिवनीकडच्या गावयाद्यांत हरिणखेडा किंवा त्यासारखे गाव शोधावे. सापडल्यास ते गाव आडनावापेक्षा जुने आहे का, हे पाहावे. मग नकाशावर आजच्या हरिणखेड्यांची गावे टिंबांनी दाखवून ती त्या गावाभोवती दाटतात की दुसरीकडेच, ते तपासावे. टिंबे दुसरीकडेच पडली तर आमचा तर्क खोडून टाकावा आणि आम्हांला तसे कळवावे.